बडोद्याच्या लहान कारखान्यात कुशल कामगार कसा घडवावा

मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीच्या, रस्त्यांवर शेडच्या गेटांवर 'सीएनसी सेटर पाहिजे', 'अनुभवी वेल्डर पाहिजे' असे फलक वर्षभर लागलेले असतात. सीएनसी म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणारे मशिन, आणि ते नव्या कामासाठी जुळवून देणारा तो सेटर. आणि त्याच वेळी रावपुरा, बाबाजीपुरा किंवा वाडी भागातील कित्येक मराठी घरांत आयटीआय झालेल्या मुलाला कोठे चिकटवता येईल का, याची चौकशी चाललेली असते. काम आहे आणि माणसेही आहेत, तरी दोघांची गाठ पडत नाही. फलकावरील 'अनुभवी' या अटीत त्याचे कारण आहे. प्रत्येक मालकाला दुसऱ्याच्या कारखान्यात तयार झालेला माणूस हवा असतो, आणि सगळेच मालक तसे म्हणू लागले की माणूस तयार होण्याची जागाच उरत नाही.

पंधरा ते पन्नास माणसांचा मशिन शॉप किंवा फॅब्रिकेशनचा व्यवसाय चालवणाऱ्या मालकांसाठी आणि त्यांच्या सुपरवायझरांसाठी ही मार्गदर्शिका आहे. बडोदा आणि आसपासचा भाग ट्रान्सफॉर्मर व वीज उपकरणांच्या उत्पादनासाठी ओळखला जातो, आणि मकरपुरा, पोर-रमणगामडी, वाघोडिया येथील अनेक लहान शेड मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. म्हणून उदाहरणे त्याच कामांतली घेतली आहेत. पद्धत मात्र कोणत्याही हातकामाला लागू पडेल.

रिजेक्शनचे रजिस्टर आधी उघडावे

प्रशिक्षणाची सुरुवात वर्ग भरवण्यापासून करू नये. मागील सहा महिन्यांत नाकारले गेलेले आणि रीवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, गेलेले नग रजिस्टरमधून काढून प्रत्येकापुढे कारण लिहावे. मात्र 'ऑपरेटरची चूक' असे कोठेही लिहू नये, कारण त्या नोंदीवरून पुढे काय करावे हे कोणालाच कळत नाही. कारणांचे चार गट पुरतात. कामगाराला ती गोष्ट माहीतच नव्हती, हा पहिला. माहीत होती, पण योग्य गेज (माप तपासण्याचे साधन), इन्सर्ट (कापणारे बदलते टोक) किंवा फिक्स्चर (जॉब पकडण्याची चौकट) त्याच्या हाती नव्हते, हा दुसरा. सर्व काही होते, परंतु डिस्पॅचच्या घाईत पहिला नग तपासलाच गेला नाही, हा तिसरा; आणि ड्रॉइंग किंवा प्रोसेस शीटच चुकीचे होते, हा चौथा. यांपैकी पहिल्या गटावरच प्रशिक्षणाचा इलाज चालतो. बाकीच्या तिन्हींसाठी अनुक्रमे खरेदी, नियोजन आणि ऑफिसातील माणसांशी स्पष्ट बोलणे आवश्यक असते. झिजलेल्या गो-नोगो गेजने (माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणाऱ्या साधनाने) नग तपासणाऱ्या मुलाला मोजमापाचे धडे देण्यात वेळ आणि त्याचा उत्साह, दोन्ही वाया जातात. माझा समज असा आहे की 'कौशल्याची कमतरता' या नावाखाली मालक जे काही सांगतात त्यातील बराच भाग या बाकीच्या तीन गटांत मोडतो, आणि तो तसा निघाला तर ती आनंदाचीच बाब आहे, कारण गेज विकत घेणे माणूस घडवण्यापेक्षा सोपे आहे.

यानंतर एका मोठ्या कागदावर कोष्टक आखावे. उभ्या बाजूला माणसांची नावे आणि आडव्या बाजूला कामे लिहावीत. परंतु 'सीएनसी चालवणे' असे ढोबळ काम न लिहिता ड्रॉइंगवरील टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचणे, चकमध्ये (मशिनच्या फिरत्या पकडीत) जॉब बांधणे, टूल ऑफसेट (हत्याराच्या टोकाचे माप मशिनला देणे) घेणे, इन्सर्ट कधी बदलावा हे ओळखणे, मायक्रोमीटरने मोजून ऑफसेटमध्ये दुरुस्ती करणे, पहिला नग पास करणे अशी फोड करावी. प्रत्येक चौकोनात शून्य ते चार यांपैकी एक आकडा भरावा: शून्य म्हणजे येत नाही, एक म्हणजे मदत करू शकतो, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकट्याने करतो आणि चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आकडा भरण्यापूर्वी त्या माणसाला ते काम प्रत्यक्ष करताना उभे राहून पाहावे. सुपरवायझरने खुर्चीत बसून, ओळखीवर भरलेले कोष्टक फार गुळगुळीत होते आणि त्यातील चुका नेमक्या दिवाळीनंतर, गावी गेलेली माणसे परत आलेली नसताना, उघड्या पडतात.

कोष्टक पूर्ण झाल्यावर ज्या कामाच्या स्तंभात तीन किंवा चार हा आकडा एकाच नावापुढे आहे, तो स्तंभ शोधावा. तो माणूस आजारी पडला किंवा हालोलच्या एखाद्या कंपनीत निघून गेला तर कारखान्याचे कोणते मशिन थांबेल, हे त्यावरून दिसते. प्रशिक्षणाचा पहिला विषय तोच.

शिकवणाऱ्याचा तास

लहान कारखान्यातील प्रशिक्षण बहुतेक वेळा एकाच कारणाने फसते: शिकणाऱ्याला जागा दिली जाते, पण शिकवणाऱ्याला वेळ दिला जात नाही. नवा मुलगा सेटरच्या हाताखाली ठेवतात, 'बघून बघून शिक' असे सांगतात, आणि सेटरकडून मात्र रोजचे पूर्ण उत्पादन अपेक्षित धरतात. मग सेटर त्याला चिप्स उचलायला लावतो, चहा आणायला लारीवर पाठवतो, आणि सहा महिन्यांनी तो मुलगा उत्तम हेल्पर झालेला असतो. यात सेटरचा दोष काढणे सोपे आहे. पण शिकवल्याने त्याचे नग कमी होत असतील आणि नग कमी झाल्याने त्याचा इन्सेंटिव्ह बुडत असेल, तर तो शिकवील कशाला?

म्हणून पहिला निर्णय हिशेबाचा आहे. समजा, सेटरला दरमहा ३०,००० रुपये मिळतात. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरल्यास २०८ तास होतात, म्हणजे त्याचा एक तास सुमारे १४४ रुपयांना पडतो. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, असे बारा आठवडे त्याने शिकवले तर १४४ तास होतात आणि खर्च सुमारे २०,८०० रुपये येतो. त्याखेरीज मशिन रोज एक तास शिकण्यासाठी मोकळे ठेवावे लागेल. मशिनचा तासाचा दर ४०० रुपये धरल्यास ७२ दिवसांचे २८,८०० रुपये होतात. एकूण खर्च पन्नास हजारांच्या आत राहतो. आता दुसऱ्या बाजूला पाहावे: कच्चा माल आणि आधीचे मशिनिंग धरून ९०० रुपयांना पडलेल्या शाफ्टचे ६० नग एका चुकीच्या ऑफसेटमुळे स्क्रॅपमध्ये गेले तर ५४,००० रुपये जातात. हे आकडे नमुन्याचे आहेत आणि प्रत्येकाने स्वतःच्या कारखान्याचे आकडे घालून हा हिशेब करावा. तो कागदावर करावा आणि अकाउंट्स पाहणाऱ्या माणसालाही दाखवावा, कारण प्रशिक्षणाचा खर्च वहीत कोठेच दिसत नसल्याने तो फुकट आहे असे सर्वांना वाटते आणि मग पहिल्या घाईत तोच कापला जातो.

हिशेब पटल्यावर शिकवण्याचे तास उत्पादनाच्या नियोजनात लिहून टाकावेत. अनुभव असा की सकाळी शिफ्ट सुरू झाल्यानंतरचा पहिला तास आणि जेवणानंतरचा पहिला तास टिकतात. 'काम कमी असेल तेव्हा' असे ठरवलेले तास कधीच उगवत नाहीत. त्या दिवसांसाठी सेटरचे लक्ष्य तेवढ्या प्रमाणात कमी करावे, आणि इन्सेंटिव्ह पद्धत असेल तर शिकवण्याच्या तासांचा मोबदला त्याच्या सरासरीने द्यावा. शिवाय मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर शिकवणाऱ्याला ठरलेली रक्कम द्यावी. ती रक्कम मोठी असण्याची गरज नाही, पण आधी जाहीर केलेली असावी.

पैशापेक्षा नाजूक अशी आणखी एक बाब आहे. पंचवीस वर्षे एकच मशिन सांभाळणाऱ्या माणसाला मनातून भीती असते की आपली विद्या दुसऱ्याला दिली की आपली गरज संपली. ही भीती खोटी आहे असे त्याला समजावण्यापेक्षा ती खोटी ठरवणारी व्यवस्था करावी. त्याला प्रशिक्षक असे पद द्यावे, त्याचे नाव कोष्टकाच्या वर लिहावे, पहिला नग पास करण्याचा अधिकार त्याच्याकडे ठेवावा, आणि मुलांनी त्याला 'काका' म्हणावे की 'उस्ताद', हे त्याच्यावरच सोडावे. ज्याला शिकवण्याची मुळीच आवड नाही अशा माणसावर मात्र हे काम लादू नये. सर्वांत कुशल माणूस सर्वांत चांगला शिक्षक असेलच असे नाही. पुष्कळदा दुसऱ्या क्रमांकाचा, स्वतः अलीकडेच शिकलेला माणूस अधिक चांगले शिकवतो, कारण कोठे अडते हे त्याच्या अजून लक्षात असते.

कामाची फोड कागदावर आणावी

आजीला पुरण किती शिजवायचे असे विचारले तर 'अंदाजाने' एवढेच उत्तर मिळते, आणि जुन्या कारागिराचेही तसेच असते. त्याचा हात बरोबर जागी थांबतो, पण का थांबला हे त्याला सांगता येत नाही. हा अंदाज शब्दांत उतरवणे हे प्रशिक्षणातले सर्वांत अवघड आणि सर्वांत फळ देणारे काम आहे.

त्यासाठी जी रीत आजही सर्वांत उपयोगी वाटते ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे. अमेरिकेत १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम सुरू झाला, कारण युद्धसामग्रीचे कारखाने वाढत होते आणि कुशल कामगार सैन्यात जात होते. नव्या माणसांना थोड्या दिवसांत कामावर उभे करायचे होते. पुढे युद्धोत्तर जपानच्या कारखान्यांनी ती रीत उचलली. तिच्यात कामाचा तीन रकान्यांचा कागद करतात: पहिल्यात महत्त्वाची पायरी, दुसऱ्यात त्या पायरीतील खुबी आणि तिसऱ्यात ती खुबी कशासाठी याचे कारण.

ट्रान्सफॉर्मरच्या टाकीच्या कोपऱ्याचे वेल्डिंग हे उदाहरण घेऊ. टाकीत तेल भरायचे असते, त्यामुळे दिसायला सुंदर पण गळणारा वेल्ड निरुपयोगी असतो. पहिली पायरी: दोन्ही पत्र्यांच्या कडा ग्राइंडरने साफ करणे, खुबी: गंज आणि तेल दोन्ही काढावे, नुसता कपडा फिरवू नये, कारण: नाहीतर वेल्डमध्ये वायूची छिद्रे राहतात. दुसरी पायरी: टॅक (पत्रे धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारणे, खुबी: एका टोकाकडून सलग न जाता आलटूनपालटून मारावे, कारण: नाहीतर उष्णतेने पत्रा ओढला जाऊन टाकी वाकते. तिसरी पायरी: पहिला पास (वेल्डचा पहिला थर), खुबी: कोपऱ्यावर आर्क (वेल्ड वितळवणारी विजेची ज्योत) थांबवू नये, वळण घेऊन पुढे जाऊन मग थांबावे, कारण: जेथे आर्क सुरू होतो आणि थांबतो तेथेच गळतीची शक्यता अधिक असते. चौथी पायरी: स्लॅग (वेल्डवर जमणारी मळी) काढणे, खुबी: प्रत्येक पासनंतर, शेवटी एकदाच नव्हे, कारण: आत अडकलेला स्लॅग पुढच्या पासखाली झाकला जातो आणि मग बाहेरून दिसत नाही. पाचवी पायरी: पास संपवणे, खुबी: शेवटचा खड्डा भरून आर्क सोडावा, कारण: तो रिकामा राहिला तर थंड होताना तेथे तडा जाऊ शकतो.

हा कागद सुपरवायझरने एकट्याने लिहू नये. वेल्डर काम करीत असताना शेजारी उभे राहावे, तो जेथे थांबतो, वाकतो, ऐकतो किंवा वेग बदलतो तेथे 'आता काय पाहिलेत?' असे विचारावे आणि त्याच्याच शब्दांत उत्तर लिहून घ्यावे. एका कामाचा कागद एका पानाहून मोठा होऊ लागला तर ते काम दोन भागांत तोडावे.

शिकवण्याचा क्रमही त्याच रीतीत ठरलेला आहे. आधी मुलाला त्या कामाची काय माहिती आहे ते विचारून त्याची भीड मोडावी. मग शिक्षकाने काम तीनदा करून दाखवावे: एकदा नुसत्या पायऱ्या सांगत, दुसऱ्यांदा खुबी सांगत, तिसऱ्यांदा कारणे सांगत. त्यानंतर मुलाने करावे आणि करताना पायऱ्या, खुबी व कारणे स्वतः बोलून दाखवावीत. चौथ्या टप्प्यात त्याला एकटे सोडावे, पण अडल्यास कोणाला विचारायचे त्या माणसाचे नाव सांगून. आणि सुरुवातीला तासातासाने, पुढे दिवसातून एकदा असे जाऊन पाहावे. तिसरा टप्पा, म्हणजे मुलाने बोलून दाखवण्याचा, आपल्याकडे हमखास गाळला जातो. 'समजले का?' या प्रश्नाला जगातील प्रत्येक शिकाऊ मुलगा 'हो' म्हणतो; त्या 'हो'ला काहीही किंमत देऊ नये.

कोणत्या भाषेत शिकवावे

बडोद्याच्या शेडमध्ये मालक मराठी, फोरमन गुजराती, वेल्डर पूर्व उत्तर प्रदेशातला आणि मशिनचा पडदा इंग्रजी अशी स्थिती नवीन नाही. मशिनचे शब्द, म्हणजे ऑफसेट, फीड, स्पिंडल, टॉलरन्स, आहेत तसेच राहू द्यावेत, कारण उद्या तो मुलगा कोठेही गेला तरी तेच शब्द भेटतील. खुबी आणि कारणे मात्र शिकणाऱ्याच्या भाषेत सांगावीत, आणि कागदावर हिंदी किंवा गुजरातीसह छायाचित्रे असावीत: चूक आणि बरोबर, शेजारी शेजारी. या गावाला हा विचार परका नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू केले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेतून दिले जावे, आणि त्यासाठी त्यांनी गुजरातीत तांत्रिक पुस्तके तयार करवून घेतली. तेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. दादासाहेब फाळके यांनीही कलाभवनात शिक्षण घेतले होते.

माणसे कोठून घ्यावीत आणि करार कसा करावा

तरसाळी आणि गोरवा येथील आयटीआय या जवळच्या जागा आहेत. फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा असतो. निकालानंतर भरती मेळाव्यात जाऊन उभे राहण्यापेक्षा आधी वर्षभर ओळख ठेवणे अधिक फायद्याचे ठरते. आयटीआयच्या सध्याच्या अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तासांचे प्रत्यक्ष कारखान्यातील प्रशिक्षण किंवा त्याऐवजी गट-प्रकल्प अपेक्षित असतो; ते तास आपल्या शेडमध्ये देऊ केले तर मुलगा आपल्याला पाहतो आणि आपण मुलाला पाहतो. इन्स्ट्रक्टरांना एकदा कारखाना दाखवावा, आणि रिजेक्शनच्या यादीतील पहिल्या गटाची कारणे त्यांच्यापुढे ठेवावीत. त्यांना ती कोणी सांगतच नाही.

मुलींचा विचार बहुतेक लहान शेडमध्ये होतच नाही. कॉइल वाइंडिंग, इन्सुलेशन, वायरिंग, तपासणी आणि सीएनसी या कामांत त्यांना वगळण्याला काही कारण नाही. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय याच शहरात १९१४ पासून स्त्रियांना हातकाम शिकवीत आले आहे. अडचण आहे ती स्वच्छ स्वतंत्र स्वच्छतागृहाची आणि संध्याकाळी परत जाण्याच्या सोयीची. या दोन गोष्टी आधी कराव्यात आणि मगच जाहिरात द्यावी.

शिकाऊ उमेदवार, म्हणजे ज्यांना सगळे ॲप्रेंटिस म्हणतात, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घ्यावेत. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार कंत्राटी माणसे धरून ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला त्या संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. प्रशिक्षणाचा काळ सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असू शकतो. केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करून जागा जाहीर करावी लागते आणि उमेदवाराशी होणारा करार तेथेच नोंदवला जातो. करार नोंदवण्यापूर्वी मुलाला मशिनवर उभे करू नये. 'कागद होत राहतील' म्हणत कामावर घेतलेल्या मुलाला अपघात झाला तर तो कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार आहे की बिननोंदीचा कामगार, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मालकाच्या सोयीचे नसते. रीतसर करार असतानाही प्रशिक्षणात झालेल्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी मालकाचीच असते.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले होते, आणि दुसऱ्या वर्षी १० व तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ ठेवली होती. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने २०२५ मध्ये त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. म्हणून जुन्या करारातील आकडा उतरवून न घेता करार करतानाचा चालू दर पोर्टलवर पाहावा. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, देते आणि तो आता थेट उमेदवाराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतो. डिप्लोमा व पदवीधर उमेदवारांसाठी शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना आहे आणि गुजरातसाठीचे तिचे प्रादेशिक कार्यालय मुंबईत आहे. गुजरात सरकारचीही २०१८ पासून मुख्यमंत्री ॲप्रेंटिसशिप योजना आहे. तिची चौकशी आयटीआयमधील ॲप्रेंटिस विभागात करावी.

शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, त्यामुळे त्याला भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा लागू होत नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नसते. या सवलतींकडे पाहून कित्येक जण शिकाऊ मुलांची फौज उभी करतात आणि त्यांच्याकडून वर्षभर पॅकिंग करून घेतात. ते अन्यायाचे तर आहेच, पण मूर्खपणाचेही आहे. ज्या सेटरच्या शोधात गेटवर फलक लावला तो सेटर पॅकिंगच्या टेबलावर तयार होत नाही. एका शिकवणाऱ्यामागे दोनच मुले, हे प्रमाण लहान शेडने ओलांडू नये असे माझे मत आहे.

पहिले बारा आठवडे

पहिले दोन आठवडे सुरक्षितता आणि मोजमाप यांनाच द्यावेत. फिरत्या चकजवळ हातमोजे का घालायचे नाहीत, इमर्जन्सी स्टॉप कोठे आहे, चिप्स हाताने का ओढायच्या नाहीत, हे भाषणात न सांगता मशिनपाशी उभे राहून दाखवावे. मोजमाप आयटीआयमध्ये शिकवलेले असते हे गृहीत धरू नये. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटर वाचतो हे मुलाला पाठ असते, पण एकाच शाफ्टचा व्यास तो पाच वेळा मोजतो तेव्हा पाच वेगळे आकडे येतात. म्हणून दहा नगांवर क्रमांक टाकून, त्यांची खरी मापे स्वतःजवळ ठेवून, मुलाकडून ते सकाळी आणि संध्याकाळी मोजवून घ्यावेत. दोन्ही वेळचे आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. कंटाळवाणे काम आहे खरे, परंतु यानंतरची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून कोष्टकातील कामे एकेक करून, कागदाच्या आधाराने शिकवावीत. सुरुवात अशा जॉबवर करावी ज्याचा नग बिघडला तरी चालेल. त्यासाठी स्क्रॅपमधील तुकडे जपून ठेवावेत. आठव्या आठवड्याच्या सुमारास मुलाने प्रत्यक्ष ऑर्डरच्या जॉबवर, शेजारी शिक्षक असताना, काम करावे.

परीक्षा शिकवणाऱ्याने घेऊ नये. क्वालिटीचा माणूस, किंवा तो नसेल तर स्वतः मालक, यांनी घ्यावी, आणि ती तोंडी नसावी. मशिनचे सेटिंग मुद्दाम मोडून मुलाला ड्रॉइंग द्यावे, सेटिंग करून सलग पाच नग काढायला सांगावेत आणि पाचही टॉलरन्समध्ये आहेत का ते पाहावे. वेल्डरसाठी डाय पेनेट्रंटची चाचणी घ्यावी: वेल्ड साफ करून लाल द्रव लावायचा, ठरलेला वेळ थांबून पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा, तडा असेल तर लाल रेघ उमटते. ते साहित्य नसेल तर एका बाजूने चुना फासून दुसऱ्या बाजूने रॉकेल लावण्याची जुनी रीतही गळती दाखवते. अनुत्तीर्ण झाल्यास मुलाला रागावण्याआधी कागद तपासावा; दोन मुले एकाच पायरीवर अडली तर कागदातच काहीतरी राहून गेलेले असते.

मुलाने रोज काय केले याची वही त्याच्याच हाताने लिहावी आणि शिक्षकाने आठवड्यातून एकदा सही करावी. नियमांनुसारही प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवावी लागते, आणि कायद्याखाली सरकारने नेमून दिलेल्या ट्रेडच्या मुलाला मुदतीच्या शेवटी जी अखिल भारतीय परीक्षा द्यायची असते तिच्या तयारीलाही ती वही उपयोगी पडते. तिच्यात उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र त्याच्या जन्माची कमाई आहे. परीक्षेच्या काळात 'ऑर्डर आहे' म्हणून त्याची रजा अडवू नये.

शेडमधील जुन्या, कागद नसलेल्या माणसांना विसरू नये. वर्षानुवर्षे वेल्डिंग करणाऱ्या पण प्रमाणपत्र नसलेल्या माणसाचे कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे.

शिकून निघून गेला तर

हा प्रश्न प्रत्येक मालक पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, आणि तो रास्त आहे. बडोद्याजवळच्या सावली गावी मेट्रोचे डबे बनतात, हरणीच्या बाजूला टाटा आणि एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या जोडणीच्या कारखान्याचे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झाले. अशा मोठ्या नावांपुढे मकरपुऱ्यातील शेड टिकणार कशी? बाँड लिहून घेणे किंवा मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेणे हा त्यावर उपाय नाही. प्रमाणपत्रे अडकवून ठेवणाऱ्या कारखान्याचे नाव आयटीआयच्या कट्ट्यावर एका दिवसात पसरते आणि पुढच्या वर्षी चांगली मुले तिकडे फिरकत नाहीत.

वेतनाची शिडी पहिल्याच दिवशी लिहून दाखवावी. कोष्टकातील कोणती कामे तिसऱ्या पातळीवर आली की किती वेतन, सेटर झाल्यावर किती, दुसऱ्याला शिकवू लागल्यावर किती, हे भिंतीवर लावावे आणि वेळ आली की मागण्याची वाट न पाहता द्यावे. बहुतेक मुले दोन-तीन हजारांच्या फरकासाठी निघून जातात, आणि ती वाढ त्यांना येथेही मिळाली असती हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. तरीही काही जातील. म्हणून कोष्टकावरून दोन माणसांची गरज दिसत असेल तर तिघांना शिकवावे.

एका रस्त्यावरील चार-पाच शेडनी मिळून एक निवृत्त फोरमन नेमावा, एका शेडमध्ये जुने लेथ आणि वेल्डिंगचा बूथ शिकण्यासाठी राखावा आणि खर्च मुलांच्या संख्येनुसार वाटून घ्यावा, ही व्यवस्था एकट्याच्या प्रयत्नापेक्षा स्वस्त पडते. फेडरेशन ऑफ गुजरात इंडस्ट्रीज किंवा वडोदरा चेंबर ऑफ कॉमर्स यांसारख्या संघटनांच्या बैठकीत हा विषय मांडल्यास भागीदार मिळू शकतात. एकमेकांची शिकाऊ मुले मुदतीच्या आत पळवायची नाहीत, एवढी एक गोष्ट मात्र अशा गटाने सुरुवातीलाच लेखी ठरवावी; पैशांच्या वाटणीवरून होणारे वाद मिटतात, पण माणूस पळवल्याचा राग बराच काळ राहतो.

वर्षाच्या शेवटी कोष्टक पुन्हा भरावे आणि रिजेक्शनच्या रजिस्टरमधील पहिल्या गटाचे नग मागील वर्षाशी ताडून पाहावेत. प्रत्येक कामाचा कागद त्या वर्षी शिकलेल्या मुलाच्या हाती देऊन त्याला जेथे अडले होते तेथे खूण करायला सांगावे, आणि नवी तुकडी येण्यापूर्वी त्या खुणांप्रमाणे कागद दुरुस्त करून मशिनपाशी लावावा.